अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे

१० जानेवारी

ती. आत्यास,
ठकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आत्ता कुठे उत्तराला बसते आहे, तेव्हा आधी कान पकडते. फोन करावा तर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या सोयीनं ऐकतेस. मागच्या खेपेला मी सर्दी झाली म्हटलं, तर तू वर्दी कसली म्हणून विचारत बसलीस. पत्रच बरं.

मोठी बातमी म्हणजे माझी बदली झाली. सहा महिने दगडखडीच्या खोलीत धूळ खाल्ली, आता माती तपासायच्या खोलीत आले आहे. म्हणजे तुझ्याच टेबलावर. खोली तू सोडलीस तशीच आहे. पाण्याच्या टाकीच्या कडेला हिरवट रेघ, नमुने ओलाव्यात ठेवायच्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय न लागणारं, आणि खिडकीखाली मातीच्या पोत्यांची थप्पी. साच्यात माती ठोकायचा तुझा हातोडाही आहे. तीस वर्षं तुझा तळवा बसला तिथं दांडा खोलगट झालाय. माझा हात लहान, त्यामुळे मला तो कुठेही धरला तरी परकाच वाटतो.

आता जे सांगणार आहे ते बसून वाच. ज्या रस्त्याचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही, तो वळणाचा रस्ता पुन्हा करायला घेतलाय. नव्या ठेकेदारानं माती त्याच जुन्या खाणीतून घ्यायची ठरवली आहे, जवळ पडते म्हणून. सोळा वर्षांपूर्वी ठेकेदाराचे मुकादम म्हणून बाबा ज्या मातीत सिमेंट कालवून घेत होते, तीच माती आज माझ्या टेबलावर आहे. तीन तारखेला मी शंभराला सहा या मापानं सिमेंट घातलं, वीतभर उंचीचे सहा गोल नमुने ठोकले. त्यातले तीन आज सातव्या दिवशी मशीनखाली दाबून फोडले. काटा चांगला चढला. चौरस सेंटिमीटरला २३.८, २१.१ आणि २५.९ किलो. साहेब खूश आहेत. मला मात्र आनंद करावा की रडावं ते कळत नाही. माती इतकी चांगली असेल, तर दीड वर्षात तो रस्ता भाकरीसारखा फुगला तो बाबांच्याच हातून, असंच ठरतं ना?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. राहिलेले तीन नमुने एकवीस दिवस ओलाव्यात आणि पुढचे सात दिवस पाण्यात ठेवून अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे आहेत. तेव्हा तू हे पाण्यातले नमुने कसे सांभाळायचीस, ते लिही. तुझं जुनं रजिस्टरही काढणार आहे, ताडून बघायला.

गुडघ्यांना जप. उशीर केल्याबद्दल रागावणार असशील तर चार पानं भरून रागव, तेवढंच वाचायला मिळेल.

तुझी,
ठकू

१७ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्यानं आणि एकदा चष्मा पुसून. माझ्या टेबलावर तू बसलीस हे ऐकून ऊर भरून आला. खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड आहे, त्याखाली मी पुठ्ठा घालायची. तो नसेल तर घालून घे, नाहीतर चाळिशीत कंबर धरशील आणि मग आत्याला शिव्या देशील.

माझे गुडघे आहेत तिथंच आहेत, फक्त मला कुठे नेत नाहीत. शेजारीणबाई भाजी आणून देते आणि त्या बदल्यात तासभर सुनेच्या तक्रारी सांगते. मला ऐकू येत नाही म्हणून तिला माझ्याइतकी चांगली श्रोती सापडलेली नाही. थंडी फार आहे. घराला दोन खोल्या, पण दिवसभर उन्हामागं खुर्ची सरकवत मी पंधरा खोल्या फिरते.

कामाचं विचारलंस. माती आधी सुकवून चाळून घे. ढेकूळ एकही राहता कामा नये. पाणी घातल्यावर गप्पा मारत बसू नकोस, सिमेंट कुणाची वाट बघत नाही. नमुना साच्यातून काढताना घाई केलीस तर कड सुटते आणि सुटलेली कड काट्याला फसवते. ओली गोणपाटं रोज हातानं चाचपून बघ, शिपायाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. तो ओलंच आहे म्हणतो आणि ते कोरडं ठणठणीत असतं.

जुनं रजिस्टर कशाला उकरतेस? तेव्हाची यंत्रं वेगळी, काटे वेगळे, माणसंही वेगळी. त्या कपाटात वाळवी आहे, हाताला पुरळ उठेल. तू तुझे आकडे काढ आणि मोकळी हो. आणि धाकल्याला, म्हणजे तुझ्या बाबाला, यातलं काही सांगू नकोस. सोळा वर्षांनी कुठे त्याच्या डोक्यातून तो रस्ता उतरलाय. झाकली मूठ राहू दे.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते काही टपालखर्चानं वाढत नाहीत.

तुझी,
आत्या

१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खुर्चीखाली पुठ्ठा घातला. पुढचं मात्र मला गमतीनं लिहिता येत नाही.

काल अठ्ठाविसावा दिवस होता. टाकीत हात घातला तर नमुने टाकले त्याहून जाड लागले. वर काढून मोजले, खरंच फुगले होते. अंगावर भेगा, कडा सुटलेल्या. तिसरा तर उचलतानाच चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात राहिला. उरलेल्या दोन्हींचे आकडे आले ९.२ आणि ७.६. सातव्या दिवशी तेवीस-चोवीस आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नऊ! सिमेंटची माती दिवसागणिक घट्ट होत जाते असं तूच मला शिकवलंस. ही उलटीच गेली.

आमच्या मोठ्या साहेबांनी तुकडा फोडून भिंगाखाली धरला. मातीत खडूच्या भुकटीसारखे पांढरे कण आहेत. ते जिप्समचे. म्हणाले, हे कण सिमेंटशी आधी गोडीगुलाबीनं राहतात आणि पाणी मिळालं की आतून फुगतात. वरून कितीही नीट कालवा, कितीही रोलर फिरवा, या खाणीची माती रस्त्याला फाडणारच. मग त्यांनी मला जुनं रजिस्टर आणायला लावलं. त्यांना प्रश्न पडला होता, की सोळा वर्षांपूर्वी हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही.

आत्या, ते पान माझ्यासमोर आहे. तुझंच अक्षर. १२ एप्रिल, सातवा दिवस: २२.५, २४, २५.५. आणि ३ मे, अठ्ठाविसावा दिवस, पाण्यात ठेवलेले: ३१.५, ३३.६, ३५.७. साहेबांनी फक्त हं म्हटलं आणि ते जेवायला गेले. मी मात्र आकडे मांडत बसले. तिन्हीच्या तिन्ही सातव्या दिवसाच्या बरोबर एक पूर्णांक चार दशांश पट आहेत. एका दशांशाचाही फरक नाही. एकाच हाताचे, एकाच साच्यातले तीन नमुनेसुद्धा कधी इतक्या गुण्यागोविंदानं वागत नाहीत, हेही तूच सांगायचीस.

आणि ती तारीख. ३ मेला काका गेले, तू एकटी झालीस. मी अकरा वर्षांची होते, मला तो दिवस पक्का आठवतो. सकाळपासून तू दवाखान्याच्या जिन्याजवळच्या बाकावर होतीस आणि मी तुझ्या पिशवीवर डोकं ठेवून झोपले होते. तू कुठेही गेली नव्हतीस.

मग त्या दिवशी नमुने कुणी फोडले? माझं काही चुकत असेल तर मला हवं तेवढं रागव. मला चुकायलाच आवडेल.

तुझी,
ठकू

८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं चुकलेलं नाही.

त्या दिवशी नमुने कुणीच फोडले नाहीत. मी पुन्हा कामावर गेले तेव्हा तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. आकडे मी अंदाजानं लिहिले. इतर मातीत अठ्ठाविसाव्या दिवशी साधारण तेवढी वाढ होते, ती सगळ्या हयातीत बघितली होती, तीच धरली. तारीख मागची घातली. पुन्हा नमुने करायचे तर आणखी महिना गेला असता, पावसाळा तोंडावर होता, काम अडून बसलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझं डोकंच जागेवर नव्हतं. घरी गेलं की ह्यांचा सदरा खुंटीवर दिसायचा.

यातलं एकही कारण पुरेसं नाही, हे मला ठाऊक आहे.

तुला जे लिहायचं ते तुझ्या अहवालात लिही. माझा विचार करू नकोस.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

चार दिवस मी हे पत्र लिहिते आणि फाडते आहे.

तू अंदाजानं लिहिलंस, हे मी समजू शकते. काका गेले होते. माणूस आहेस. पण त्यानंतरची सोळा वर्षं मला समजत नाहीत. रस्ता फुगला तेव्हा चौकशी बसली. प्रयोगशाळेचे आकडे चोख, म्हणजे माती चांगली, प्रमाण चांगलं, म्हणजे दोष कालवणाऱ्याचा, असं गणित मांडून त्यांनी बाबांना घरी बसवलं. बाबांनी सिमेंटच्या गोण्या परस्पर विकल्या, अशी आवई उठली. त्यांना लोक गोणी म्हणू लागले आणि शाळेत मला गोणीची पोर. पुढे कुठल्याही कामावर त्यांना कुणी उभं केलं नाही. आजही ते लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसून कुणाचे किती ओंडके गेले ते लिहितात. हे सगळं तू बघत होतीस. दर सणवारी नाही, दर आठवड्याला बघत होतीस.

मला शिकवलंस तू, हाताला धरून या खात्यात आणलंस तू. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, की माझी आत्या म्हणजे माझी दुसरी आई. आता मला रोज वाटतं, मी तुझी भाची होते की तुझी भरपाई?

साहेबांना मी सांगितलं आहे. जुने आकडे दोन कारणांनी खरे वाटत नाहीत, एवढंच लिहायचं म्हणाले, बाईंचं नाव कशाला. पण मी तुझ्या नावाचं इथं काय करते हा प्रश्न लहान आहे. बाबांना कुणी सांगायचं, हा मोठा आहे. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते मलाच समजावत बसतील, तुझी बाजू घेतील. तुझ्या हातचं अक्षर त्यांनी वाचायला हवं. महिनाअखेरपर्यंत थांबते.

ठकू

२० फेब्रुवारी

चि. धाकल्यास,
तुझ्या ताईचे अ. उ. आ.

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. बोलणं होतं, पण आपण दोघं बोलतो ते हवापाणी आणि तब्येत. आज दुसरंच लिहायचं आहे. हे पत्र घरी बसून वाच, वखारीत वाचू नकोस.

तुझ्या रस्त्याच्या मातीचे अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे खोटे होते. ते मी लिहिले. ठकूनं तीच माती पुन्हा तपासली आणि ती पाण्यात फुगते हे आता सिद्ध झालं आहे. तू कितीही मन लावून कालवली असतीस तरी तो रस्ता टिकला नसता. तुझा दोष नव्हता. तेव्हाही नव्हता.

ठकूला मी एवढंच सांगितलं, की नमुने फोडायचे राहिले. त्यापुढचं तिलाही सांगितलेलं नाही, ते तुला सांगते. २६ एप्रिलला मी ते तीन नमुने टाकीत सोडले आणि रजेवर गेले. १४ मेला परत आले तेव्हा आधी टाकीपाशी गेले. नमुने फुटले होते. एकाचा तर तळाला चिखल झाला होता. सात दिवस ठेवायचे ते अठरा दिवस पाण्यात राहिले म्हणून बिघडले, अशी मी मनाची समजूत घातली. मला ती समजूत हवी होती. हातानं तो चिखल खरवडून काढला, अंगणात टाकला, हात धुतले आणि रजिस्टर उघडलं. अठरा दिवसच काय, अठरा महिने पाण्यात राहिली तरी चांगली माती तशी विरत नाही, हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

त्याच दिवशी दुपारी तू खिडकीशी आलास. तुझा ठेकेदार निकालासाठी तुझ्या डोक्यावर बसला होता, हे मला नंतर कळलं. तू निकालाचं विचारलंच नाहीस. ताई, जेवलीस का, एवढंच विचारलंस. मीच म्हणाले, पास आहे, जा, कामाला लाग.

रस्ता फुगला त्या दिवशी मला सगळं कळलं. बोलले असते तर नोकरी गेली असती. विधवा बाई, दुसरा आधार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. उद्या बोलू, चौकशी संपली की बोलू, ठकू मार्गी लागली की बोलू. आधी भीती होती, नंतर ती सवय झाली. तुझ्यासमोर बसून जेवताना घास उतरायचा नाही म्हणावं, तर तेही खरं नाही रे. उतरायचा.

आज खात्याच्या कार्यालयालाही सगळं लिहून वेगळं पत्र टाकलं आहे, तारखांसकट. ते जे करतील ते करोत. तुझ्याकडे क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. तू हे वाचलंस, एवढं मात्र कुणाकडून तरी कळव.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

ताईचं पत्र मिळालं. घरी वाच म्हणून लिहिलं होतं, पण टपालवाला फाटकावरच देऊन गेला. वाचत असताना एक ट्रक बाहेर पडला आणि त्यातले ओंडके मोजायचे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा चेहरा बघून मालकानंच मला घरी पाठवलं.

तुला हे आधीच माहीत होतं. सांगितलं नाहीस ते ठीक केलंस.

लोक काय बोलायचे त्याचं मी फार मनावर घेतलं नव्हतं. पण तुझ्या आईनं मला एकदा विचारलं होतं. एकदाच. खरं सांगा, म्हणाली. मी खरं तेच सांगितलं, की एक गोणीसुद्धा इकडची तिकडे केली नाही. तिनं मान हलवली आणि भांडी घासायला गेली. तिला पटलं होतं की नाही, ते तिला जाऊन सात वर्षं झाली तरी मी शोधतो आहे. आता हा कागद कुणाला दाखवू?

तुला एक गोष्ट माहीत नाही. ती आज सांगतो, कारण ताईनं तिची सांगितली. माती आणि सिमेंट कालवायला ट्रॅक्टर होता. त्यावरचा चालक फार कमी बोलायचा, म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. रस्ता फुगल्यावर मला वाटलं, मी तर गोण्या मोजून टाकल्या, मग कालवण्यातच खोट असणार. चौकशीच्या साहेबांसमोर मी म्हणालो, की मुनी घाई करायचा, नांगर वरवर फिरवायचा. मी तसं पाहिलेलं नव्हतं. मला तसं वाटत होतं. वाटण्यावर मी माणसाचं नाव घेतलं. त्याला त्याच दिवशी काढलं. मला महिन्यानं काढलं. आपली चामडी वाचवायला मी त्याची दिली आणि शेवटी वाचली कुणाचीच नाही.

तो हल्ली कुठे असतो ठाऊक नाही. शोधायला जाणार आहे. तुझ्या अहवालाची एक प्रत पाठव. शिक्क्याची पाठव.

ताईला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. पत्र वाचलं एवढं तू तिला कळव.

तुझा,
बाबा

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुझं पत्र वाचलं. एवढंच तुला कळवायला मला सांगितलं आहे. त्यापुढचं मी माझं लिहिते.

तुझं कार्यालयाला आलेलं पत्र साहेबांनी मला दाखवलं. मग एका फाइलला लावलं, फाइल कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. सोळा वर्षांपूर्वीची चौकशी पुन्हा उघडायला कुणी तयार नाही. त्या चौकशीतले एक साहेब वारले, एकांना बोलता येत नाही आणि ठेकेदाराची कंपनी बंद पडली. साहेब म्हणाले, बाईंनी कळवलं हे चांगलं केलं, पण आता यातून कुणाचं काय होणार. तुझ्या पेन्शनलाही कुणी हात लावणार नाही. ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

एवढं मात्र झालं, की ती खाण बंद केली. रस्त्याला दुसरीकडची माती येणार आहे. माझ्या अहवालात जुन्या आकड्यांपुढे अविश्वसनीय असा शब्द लिहिला आहे. सही वाकडी आली. ती तशीच ठेवली.

बाबा रोज वखारीतून सुटले की कुणालातरी शोधायला जातात. कुणाला, ते तुला त्यांनीच सांगावं. अहवालाची प्रत घडी करून खिशात असते, घामानं कडा मऊ झाल्या आहेत. घरी आले की हातपाय धुतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. मी विचारलं, तुमचा राग कुणावर आहे. म्हणाले, मोजतो आहे.

मला तुझा राग आलेला आहे आणि तो गेलेला नाही. पण परवा नवा नमुना साच्यातून काढताना मी घाई करत होते आणि आपोआप हात थांबला. तुझा आवाज आला. तू शिकवलेलं सगळं हातात इतकं भिनलं आहे, की राग आला म्हणून ते काढून टाकता येत नाही. म्हणून लिहिते आहे. औषधं वेळेवर घे.

ठकू

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर द्यायला उशीर केला तो मुद्दाम नाही. आधी एक काम उरकायचं होतं.

त्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणारा मुनी तुला आठवत असेल. चौकशीत मी त्याच्यावर ढकललं होतं. कसं ढकललं ते ठकू सांगेल. तो मला तिसऱ्या खेपेला सापडला. नव्या इमारतींच्या भिंतींना पाणी मारायच्या कामावर आहे. ट्रॅक्टर त्याला पुन्हा कुणी दिला नाही.

मी गेलो तेव्हा हातात रबरी नळी धरून तो भिंत भिजवत होता. मला त्यानं ओळखलं, पण नळी खाली ठेवली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माती खराब होती, आकडे खोटे होते, तुझा दोष नव्हता आणि मी तुझं नाव घेतलं ते न बघता घेतलं. माझं सांगून झालं तरी तो भिंतीवर पाणी मारतच राहिला. भिंत निथळायला लागली. मग तो गेला आणि नळ बंद केला.

म्हणाला, त्याच्याकडे खूण केलेली एक सळई असायची. दर दहा पावलांवर उतरून तो ती कालवलेल्या मातीत खुपसून बघायचा, खोली बरोबर आली की नाही. हे त्यानं साहेबांसमोर सांगितलं होतं आणि तेव्हा मी मान खाली घातली होती. ताई, मला ते आठवत नव्हतं. त्यानं सांगितल्यावर आठवलं.

मी अहवाल पुढे केला. त्याला वाचता येत नाही. घरी घेऊन गेला. त्याच्या सुनेनं दोनदा वाचून दाखवला. मी दाराबाहेर उभा होतो, आत ये असं कुणी म्हणालं नाही. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, आकडे कुणी लिहिले होते. मी म्हणालो, माझ्या बहिणीनं. जिवंत आहे का, म्हणाला. आहे म्हटलं. मग म्हणाला, तिला घेऊन या. कागदाचं मला काही समजत नाही. तिनं माझ्या दोन मुलांसमोर तोंडानं सांगावं. आपला बाप जमीन नुसती वरवर खरवडून नांगरली म्हणून सांगणारा होता, हे ऐकत ती वाढली आहेत. धाकटा तर अजूनही चिडला की तेच बोलून दाखवतो.

मी हो म्हणून आलो आहे. तुला न विचारता.

त्यानं मला माफ केलेलं नाही. मागायला गेलो नव्हतो, पण मनात होतंच. मीही तुला केलेलं नाही. पुढे होईल की नाही, सांगता येत नाही. तुझं पत्र मी रोज वाचतो. त्यात एकच वाक्य मला वाचवत नाही, तू हात धुतलेस ते. बाकीचं सगळं मी सहन करून नेतो.

येत्या रविवारी सकाळच्या बसनं ये. तुला पायऱ्या उतरवत नाहीत, तेव्हा मी बसच्या दाराशी येईन, घाई करू नकोस. ठकूही यायचं म्हणते आहे. मुनीच्या दारापर्यंत आम्ही दोघं तुझ्यासोबत आहोत. दारापुढचं तुझं तू बोलायचंस. मी माझं बोलून आलो आहे.

लोभाविषयी आज काही लिहवत नाही. तू ये.

तुझा,
धाकटा